पानाची नक्कल कशासाठी?

नागपूरजवळच्या कामठीचं नाव भूशास्त्रात खडकांच्या एका थराला दिलेलं आहे. त्या थरात जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सापडतात. मधली शीर, तिच्या दोन्ही अंगांना पसरलेली बारीक शिरांची जाळी, सगळं काल उमटल्यासारखं दिसतं. ग्लॉसोप्टेरिस हे त्या झाडाचं नाव. ते पृथ्वीवरून केव्हाच नाहीसं झालं, पण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी त्याच्या दलदलीत गाडल्या गेलेल्या पानांनी आणि खोडांनी वर्धा खोऱ्यातला कोळसा घडवला. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या वीज केंद्रात रोज जळतं ते त्या जंगलांनी पकडून ठेवलेलं ऊन. खनिज तेलाची गोष्टही अशीच, फक्त तिथे झाडांच्या जागी समुद्रातले सूक्ष्म जीव होते.

मग पानाने केलं ते काचेच्या तबकडीवर, आजच्या उन्हात करता येईल का? ऊन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड आत, इंधन बाहेर, मध्ये झाड नाही आणि कोट्यवधी वर्षांची वाटही नाही. याला कृत्रिम प्रकाशसंश्लेषण म्हणतात, आणि दर काही महिन्यांनी ‘पाण्यापासून इंधन’ अशा मथळ्याखाली त्याची बातमी आपल्यापर्यंत येते. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आणि म्हणूनच त्या मथळ्यांचा त्रास होतो. या संशोधनाला आपण चुकीचं काम सांगून बसलो आहोत, असं माझं मत आहे. पेट्रोल पंपाची किंवा चंद्रपूरच्या केंद्राची जागा घेणं हे त्याचं काम नाही. त्याचं खरं काम दुसरं आहे, ते अधिक अवघड आहे, आणि ते दुसऱ्या कशानेही सहज होणार नाही.

स्वप्न जुनं आहे. सप्टेंबर १९१२मध्ये न्यूयॉर्कला उपयोजित रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाचे जाकोमो चामिचियान तिथे बोलले. विद्यापीठाच्या गच्चीवर काचेचे चंबू ओळीने उन्हात मांडून प्रयोग करणारा हा माणूस. कोळशावर उभी असलेली काळी, अस्वस्थ संस्कृती मागे पडेल आणि उन्हावर चालणारी शांत संस्कृती येईल, ओसाड प्रदेशांत धुराड्यांशिवायचे कारखाने आणि काचेच्या नळ्यांची जंगलं उभी राहतील, असं त्यांनी मांडलं. कोळसा अजून स्वस्त आणि मुबलक असताना हे सुचणं, ही द्रष्टेपणाची खूण आहे.

साठ वर्षांनी, १९७२मध्ये, टोकियोच्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी त्या स्वप्नाला पहिला भक्कम पुरावा दिला. भिंतीच्या पांढऱ्या रंगात वापरतात ते टायटॅनियम डायऑक्साइड पाण्यात बुडवून त्यावर प्रकाश टाकला की पाणी फुटतं, हे त्यांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी जगात तेलाचा भडका उडाला आणि या प्रयोगाकडे साऱ्यांचे डोळे लागले. अडचण एवढीच होती की हा पदार्थ फक्त अतिनील किरण शोषतो, आणि सूर्यप्रकाशात ते जेमतेम ४ ते ५ टक्के असतात. बाकीचं सगळं ऊन त्याच्यासाठी नसल्यासारखंच.

तिसरी मोठी बातमी २०११ची. अमेरिकेतल्या एमआयटीचे डॅनियल नोसेरा यांनी सिलिकॉनच्या चकतीला एका बाजूने कोबाल्टचा आणि दुसऱ्या बाजूने निकेल-मिश्रधातूचा उत्प्रेरक लावला. चकती पाण्यात सोडून उन्हात ठेवली की एका अंगाने ऑक्सिजनचे, दुसऱ्या अंगाने हायड्रोजनचे बुडबुडे. खेळायच्या पत्त्याएवढं हे ‘कृत्रिम पान’ गरीब देशांतल्या घरांना ऊर्जा देईल, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यासाठी निघालेल्या कंपनीत आपल्या टाटा समूहानेही पैसे घातले होते. तारांशिवाय त्या पानाची कार्यक्षमता, म्हणजे उन्हातल्या ऊर्जेचा इंधनात उतरणारा वाटा, होती सुमारे अडीच टक्के. काही वर्षांत कंपनी हायड्रोजनकडून बॅटरीकडे वळली आणि २०१४मध्ये लॉकहीड मार्टिन या संरक्षण उद्योगातल्या कंपनीने ती विकत घेतली. संशोधन खरं होतं, नोसेरांचं काम आजही मोलाचं आहे, पण ज्या घराच्या नावाने बातमी झाली होती त्या घरात ते पान पोहोचलं नाही.

मुळात पानाची नक्कल करायची म्हणजे नेमकी कशाची? ‘निसर्गाचं यंत्र सर्वांत कार्यक्षम असतं’ असं आपण सहज म्हणतो. उसाचा हिशेब करून पाहू या. आपल्याकडे एक चौरस मीटर जागेवर वर्षाला साधारण २,००० युनिट ऊन पडतं, म्हणजे एका हेक्टरवर २ कोटी युनिट. हेक्टरी ८० टन ऊस धरा. त्याच्या रसापासून थेट इथेनॉल केलं तर टनाला सुमारे ७० लिटर, म्हणजे एकूण ५,६०० लिटर. लिटरभर इथेनॉलमध्ये सहा युनिटांच्या आसपास ऊर्जा असते. बेरीज होते सुमारे ३३,००० युनिट. दोन कोटींतून तेहतीस हजार, म्हणजे एका टक्क्याचा सहावा हिस्सा. बगॅस आणि पाचटही धरलं तरी एक टक्का गाठत नाही. त्याच हेक्टरवर ओळींमध्ये मोकळी जागा सोडून सौर पॅनेल लावले तर वर्षाला साडेसात लाख युनिटांच्या घरात वीज मिळते.

दोष उसाचा नाही. झाडाला इंधन करायचंच नसतं. त्याला जगायचं असतं, वाढायचं असतं, मुळं धरायची असतात, किडीशी लढायचं असतं. तरीही हा हिशेब सांगावा लागतो, कारण लिटरभर इथेनॉलसाठी सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं असं नीती आयोगाच्या इथेनॉलविषयक आराखड्यातच नोंदवलेलं आहे, आणि ते पाणी आपण दुष्काळी तालुक्यांतून काढतो. ऊन पकडण्याच्या शर्यतीत सिलिकॉनने पानाला कधीच मागे टाकलं आहे.

पानाची थोरवी वेगळ्याच ठिकाणी आहे. पाण्याचा रेणू फोडून ऑक्सिजन सोडणं हे फार हिंसक रसायन आहे. एकेका ऑक्सिजन रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन ओढून काढावे लागतात, आणि ते ओढणारी जागा स्वतःही होरपळते. पानात हे काम मँगनीजचे चार अणू, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन यांचा एक इवलासा पुंजका करतो. त्याला धरून ठेवणारं डी-१ नावाचं प्रथिन कडक उन्हात अर्ध्या-पाऊण तासात निकामी होतं. झाड काय करतं? ते निकामी प्रथिन उचकटून काढतं आणि नवं बसवतं. दिवसभर, प्रत्येक हिरव्या पेशीत ही डागडुजी चालू असते. भर वैशाखात कडुनिंबाखाली उभं राहिलं की मला हीच गोष्ट आठवते: वरचं प्रत्येक पान मोडतंय आणि त्याच क्षणी स्वतःला सांधतंय.

आपल्या यंत्रांना हेच जमत नाही. १९९८मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जॉन टर्नर यांनी उन्हापासून थेट हायड्रोजन करताना १२.४ टक्के कार्यक्षमता मिळवली. २०१८मध्ये तो आकडा १९ टक्क्यांच्या वर गेला. पानाच्या मानाने हे आकडे थक्क करणारे आहेत. पण ज्या महागड्या अर्धवाहकांवर ते मिळाले ते पाण्यात झिजतात, आणि त्यांचं आयुष्य तासांत मोजावं लागतं. छपरावरचं सौर पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं.

म्हणून मला त्या विक्रमांपेक्षा टोकियोच्या काझुनारी डोमेन यांच्या गटाचा एक कमी गाजलेला प्रयोग मोठा वाटतो. २०२१मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. १०० चौरस मीटर जागेवर काचेच्या पसरट पेट्या, आत स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या विशिष्ट भुकटीचा थर आणि वरून पाणी. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच बाहेर येत होते, आणि हे मिश्रण स्फोटक असतं. त्यांनी ते पडद्यातून वेगळं काढलं, मुद्दाम पेटवून सुरक्षितता तपासली, आणि हे सगळं महिनोन्‌महिने उघड्या आभाळाखाली चालवलं. सर्वोत्तम कार्यक्षमता ०.७६ टक्के. एकाही वर्तमानपत्राने पहिल्या पानावर घ्यावा असा हा आकडा नाही. पण हा प्रयोग ढगांतून, थंडीतून, धुळीतून गेलेला आहे, आणि शेवटी इंधन तिथेच करायचं आहे.

दरवर्षी प्रात्यक्षिकात आम्ही पाण्याचं विद्युत अपघटन करून दाखवतो. दोन नळ्या, बॅटरी, थोडं आम्ल. एका नळीत दुप्पट वायू जमतो, पेटती काडी नेली की ‘पट्’ असा आवाज येतो आणि मागच्या बाकावरची मुलंही जागी होतात. एका वर्षी एका मुलीने विचारलं, “सर, बॅटरी काढून सरळ ऊनच लावलं तर?” मी आनंदाने अर्धा तास त्यावर बोललो. दुसऱ्या दिवशी ती पुढचा प्रश्न घेऊन आली: “पण सर, बॅटरीच्या जागी सोलर पॅनेल लावलं तरी तेच होईल ना?”

तेच होतं, आणि आज तरी बरंच चांगलं होतं. वीस टक्क्यांचं पॅनेल आणि त्याच्या विजेतली पासष्ट-सत्तर टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरवणारा इलेक्ट्रोलायझर जोडला की उन्हातला तेरा-चौदा टक्के भाग हायड्रोजनमध्ये येतो. दोन्ही वस्तू बाजारात मिळतात. एक बिघडली तर तेवढीच बदलता येते. वायू सगळ्या शेतभर पसरलेल्या पेट्यांतून गोळा करावा लागत नाही, एका खोलीत तयार होतो. चीनमधल्या लानचौ इथे २०२०मध्ये याच मार्गाने १० मेगावॉट सौर विजेवर हायड्रोजन आणि त्यापासून वर्षाला हजार टन मिथेनॉल करणारा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. त्यामागच्या ली त्सान यांनी आयुष्यभर थेट प्रकाशरसायनावर काम केलेलं आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आणि गाडीच चालवायची असेल, तर त्या विजेचा हायड्रोजन तरी कशाला करायचा? पॅनेलची वीज बॅटरीत भरून मोटर फिरवली की वाटेतली बरीचशी गळती वाचते. घरच्या दिव्यासाठी, शेतपंपासाठी, दुचाकीसाठी, शहरातल्या बससाठी कृत्रिम प्रकाशसंश्लेषणाची शर्यत संपलेली आहे आणि ते हरलेलं आहे. या विषयावर प्रेम करणाऱ्यांनीच हे आधी मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. नाहीतर ‘उद्या पाण्यावर गाड्या धावणारच आहेत’ या आशेवर आजच्या बसचा आणि आजच्या विजेचा निर्णय पुढे ढकलला जातो, आणि त्या पुढे ढकललेल्या प्रत्येक वर्षी चंद्रपूरचा दमेकरी तोच धूर घेत राहतो.

मग उरतं काय? उरतात ते पदार्थ, जे तारेतून येत नाहीत. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात युरियासाठी लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात. पेरणीच्या दिवसांत युरियाच्या गोण्यांसाठी लागणारी रांग परदेशी वायूच्या दराशी अशी जोडलेली आहे. मुंबईहून लंडनला जाणारं विमान बॅटरीवर उडत नाही, आणि आज तसं काही दृष्टिपथात नाही. प्लास्टिक, औषधं, रंग, कृत्रिम धागे यांच्या रेणूंचा सांगाडा कार्बनचा आहे आणि आज तो कार्बन बहुतांशी तेलातून आणि वायूतून येतो. उद्या भारतातली सगळी वीज सूर्य-वाऱ्यावर चालली तरी हा कच्चा माल जमिनीखालूनच उपसावा लागेल. कार्बनचे अणू एकमेकांना जोडून वस्तू घडवणं, हे पृथ्वीवर पानाइतकं कोणी केलेलं नाही. नक्कल करायचीच तर या कारागिरीची करावी. हायड्रोजन ही तिची पहिली पायरी, मिथेनॉल, इथिलीन आणि विमानाचं इंधन या पुढच्या. तिथे यंत्र महाग पडलं तरी चालेल, कारण तिथे त्याची स्पर्धा दिव्याशी नसते.

इथे कार्बन कुठून आणायचा हा प्रश्न येतो, आणि माझ्या मते साऱ्या वादाचं मर्म तिथे आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के. तो वेचून काढणं फार खर्चिक, म्हणून बहुतेकांचं लक्ष औष्णिक केंद्रांच्या धुराड्याकडे जातं. मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात एनटीपीसीने धुरातून पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल करून दाखवलं आहे. अभियांत्रिकी म्हणून ते कौतुकास्पद आहे. पण ते मिथेनॉल वाहनात जळलं की ग्लॉसोप्टेरिसचा तोच कार्बन हवेत जाणार. एकाऐवजी दोन कामं त्याने केली, एवढाच फायदा. या जोरावर जुन्या कोळसा केंद्राला ‘हरित’ म्हणून आणखी वीस वर्षं मिळणार असतील, तर तो सौदा मला मान्य नाही.

महाराष्ट्राकडे यापेक्षा चांगला कार्बन आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. साखर कारखान्याच्या आसवनीत रस आंबतो तेव्हा जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. रसायनाचं समीकरणच सांगतं की लिटरभर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो. हा कार्बन गेल्या वर्षी हवेतच होता, उसाच्या पानाने तो वेचून आणला, अगदी फुकट. थोडा बाटलीबंद होऊन शीतपेयांत जातो, पण आसवनीत तयार होणारा सगळा काही पकडला जात नाही. कोल्हापूर-सांगली-सोलापूरच्या पट्ट्यात हा स्रोत तयार आहे. ऊस वाढवा असं मी म्हणत नाही, पाण्याचा विचार करता तो कमीच व्हायला हवा. पण जो आहे त्याच्यातून सुटणारा वायू पकडून तिथेच उन्हाच्या हायड्रोजनशी जोडता आला, तर पानाने अर्धं केलेलं काम आपण पूर्ण करू.

यासाठी पैसा लागेल, आणि तो सार्वजनिक असला पाहिजे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३मध्ये १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. त्यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर आणि हायड्रोजनच्या उत्पादनाला प्रोत्साहन म्हणून आहेत. संशोधनाला ४०० कोटी, म्हणजे शंभरातले दोन रुपये. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी ८,५६२ कोटींचं हरित हायड्रोजन धोरण आणलं. उत्पादनाला पैसा द्यायला माझा विरोध नाही. इलेक्ट्रोलायझर आज हवेतच. पण ज्या राज्यात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, जिथले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं कृत्रिम पानावर काम करत आले आहेत, जिथे मुंबईत माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था उष्णतेच्या मार्गाने पाणी फोडण्यावर काम करते, तिथे पुढच्या तीस वर्षांचं बियाणं तयार करायला दोन टक्के अपुरे आहेत. बंगळूरूला सी. एन. आर. राव यांच्यासारख्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाने उतारवयात हाच विषय हाती घेतला. त्याची तड लावायला अनेक पिढ्यांतली माणसं लागणार आहेत.

आणि पैसा कसा मोजून द्यायचा, हेही बदलायला हवं. आज प्रयोगशाळेत कार्यक्षमतेचा आकडा वाढला की शोधनिबंध होतो. तबकडी किती दिवस टिकली, हे विचारणारे कमी. कृषी विद्यापीठं नवं वाण एका मोसमात जाहीर करत नाहीत. वेगवेगळ्या जमिनींत, दोन-तीन हंगाम, दुष्काळात आणि अतिवृष्टीत ते लावून बघतात. तीच शिस्त इथे आणावी. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प एक तपाहून अधिक काळ उभा आहे. तिथल्या एखाद्या कोपऱ्यात देशभरच्या प्रयोगशाळांच्या तबकड्या शेजारीशेजारी मांडाव्यात, मे महिन्याच्या धुळीत आणि जुलैच्या पावसात ठेवाव्यात, आणि कोणती कितव्या दिवशी मेली हे दर महिन्याला जाहीर करावं. फसलेल्या तबकडीची नोंद पुढच्या संशोधकाची दोन वर्षं वाचवते. जनतेच्या पैशातून निघालेलं जे टिकेल, त्याचे हक्क सार्वजनिक संस्थेकडेच राहावेत, म्हणजे वाटेत कोणी विकत घेतलं आणि दिशा बदलली असं होणार नाही.

पाण्याचा आक्षेप मला अनेकदा ऐकवला जातो: आधीच दुष्काळ, आणि तुम्ही पाणी फोडायला निघालात. हिशेब सांगतो. दहा टक्के कार्यक्षमतेची, टिकाऊ तबकडी कधी काळी हाती आली, तर एका चौरस मीटरवर वर्षाला सहा किलो हायड्रोजन होईल. त्याला ५४ लिटर पाणी लागेल, म्हणजे ५४ मिलिमीटर पाऊस. शुद्धीकरणाला आणि थंड करायला दुप्पट-तिप्पट धरा, तरी दीडशेच्या आसपास. साताऱ्याच्या माण तालुक्यात, जिथे पाचशे मिलिमीटरच्या आत पाऊस पडतो, तिथेही त्या जागेवर पडणारं स्वतःचं पाणी पुरून उरेल. उसाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त लागतं.

माझी खरी काळजी जमिनीची आहे. ऊन पकडायला जागा लागते, आणि ऊन जिथे सगळ्यांत कडक तिथली माणसं सगळ्यांत गरीब. म्हसवड-दहिवडीकडच्या मुरमाड माळाला आजवर कोणी भाव दिला नाही. त्यावर इंधन पिकतं असं कळल्यावर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पासाठी जमीन विकत न घेता भाड्याने घेतली जाते, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि त्यात दरसाल तीन टक्के वाढ. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. उन्हाच्या इंधनाची पहिली शिवारं उभी राहायला अजून दहा-वीस वर्षं लागतील, कदाचित अधिक. पण तिथे भाडं किती, तयार होणाऱ्या इंधनात गावाचा वाटा किती, गायरानाला हात लावायचा की नाही, आणि करार ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवायचा की नाही, हे सगळं आत्ताच लिहून ठेवता येतं. तबकड्या अजून प्रयोगशाळेत झिजताहेत आणि माळावर अजून कोणाची नजर गेलेली नाही, तोवरच ते लिहिणं सोपं आहे.